न्हाणीतला धूर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘कार्बन मोनॉक्साइडपासून घराचे संरक्षण’. मला पाऊण तास मिळणार होता, त्यातला पाव तास नारळ, शाल आणि पाहुण्यांच्या परिचयात गेला. माझा परिचय इतका लांबला की मलाच वाटलं, हा माणूस वारला की काय!

तर, न्हाणी. आमच्या जुन्या घरात न्हाणीत पाणी तापवायचं तांब्याचं भाण होतं. खाली नारळाची सोडणं आणि चुडतं पेटवायची. डोळे चुरचुरायचे, आजी बाहेरून ओरडायची, पण कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा. मुख्य म्हणजे तो दिसायचा. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, की दिसणारा धूर माणसाला बाहेर हाकलतो.

पुढे आम्ही शहाणे झालो. न्हाणीचं बाथरूम झालं. वर स्लॅब, भिंतीला टाइल्स, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. डास येतात म्हणून पंख्याच्या भोकाला मीच पुठ्ठा ठोकला. आणि एवढं सगळं बंद केल्यावर विस्तव आत घेतला, पत्र्याच्या डब्यात घालून भिंतीला टांगला. गॅस गिझर! दुकानदाराला विचारलं, धूर बाहेर न्यायला पाइप नको? म्हणाला, “सर, छोटा आहे, धूर होतच नाही.” मी ३० वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, आणि मी मान डोलावली. हसा, हसा. तुमच्यातले निम्मे माझेच विद्यार्थी आहात.

तयेचा, म्हणजे हरितालिकेचा दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं, एकामागून एक आंघोळी, गिझर तासभर बंद नाही. शेवटी भाची आंघोळीला गेली. बालदी भरून वाहतेय, पाणी दाराखालून बाहेर येतंय आणि आत हाक मारून उत्तर नाही. कडी तोडली. पोर भिंतीला टेकून बसलेली. सगळ्यांचं एकमत, तयेचा उपास, चक्कर आली. कुणी लिंबूपाणी आणलं, वहिनींनी दृष्ट काढायला मिरच्या घेतल्या. माझंही सकाळपासून डोकं ठणकत होतं, पण ते पाहुण्यांमुळे असं मी धरून चाललो होतो.

अंगणात आणल्यावर तिने डोळे उघडले. दवाखान्यात रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला चिमटा लावला, आकडा ९८. आम्ही सुटलो म्हणालो. पण डॉक्टर तरुण आणि हुशार. त्यांचा पहिला प्रश्न, “गिझर गॅसवरचा का?” त्या चिमट्याला प्राणवायू आणि गॅस अर्धवट जळला की होणारा कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात. त्यांनी लगेच प्राणवायू लावला आणि रक्त तपासायला पाठवलं. पोर वाचली.

हिमोग्लोबिनला या वायूची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो, हे क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७च्या सुमारासच सांगितलं होतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत तर १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून आत नेत, पक्षी कोसळला की माणसं बाहेर. आपल्या गोव्यातल्या डिचोलीच्या खाणी उघड्यावरच्या, त्यामुळे आपल्याला पक्ष्याची सवय नाही, आणि...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा, धुराचा पाइप थेट बाहेर काढा. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, काजळी धरली, तर मेस्त्रीला बोलवा. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. म्हणून स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा अलार्म इथे उपयोगाचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा मिळतो. तो झोपायच्या खोल्यांजवळ लावा, आणि मुदत संपली की बदला. कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपू नका. घरात दोघातिघांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी बाहेर पडा, मग १०८.

आणि जनरेटर. पावसात वीज गेली की आपण तो भिजू नये म्हणून पडवीत ओढतो. तो घरापासून निदान २० फूट लांब हवा, वर छप्पर वेगळं करा. मघाशी इथली वीज गेली तेव्हा जो सुरू झाला, तो त्या खिडकीखालीच आहे, येताना पाहिलाय मी. आभारप्रदर्शन नंतर करा. आधी चौघं जण चला माझ्याबरोबर.