बटण लावलेला कवितासंग्रह

(पडद्यावर: एक मुखपृष्ठ, अगदी जवळून)

लाल कागदाचा एक बदाम. पत्त्यांत असतो तसा. त्यावर एक बटण. छापलेलं नाही, चितारलेलंही नाही. कपड्याला लावतात ते, खरंखुरं.

हा कवितासंग्रह आहे. मुखपृष्ठावर साल १९१६, पण तयार झाला १९१५मध्ये, झारच्या रशियात, महायुद्ध ऐन भरात असताना. प्रती दीडशेच्या आत. उघडलं की आत पत्त्यांतली माणसं भेटतात, आणि सुरुवातीलाच कवीची ताकीद: डोकं ताळ्यावर असताना हे वाचायला मनाई आहे.

कवी अलेक्सेय क्रुचोनिख. चित्रकार ओल्गा रोझानोवा. अल्यागरोव या नावाने आणखी एक कवी आत आहे. तो म्हणजे मॉस्कोतला एक विद्यार्थी, रोमान याकोबसन. पुढे भाषाविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला ज्याचं नाव पाठ करावं लागलं, तोच.

(पडद्यावर: जुनी रशियन मासिकं, जाड कागद, वेलबुट्ट्या)

या मंडळींच्या, म्हणजे रशियातल्या ‘फ्युचरिस्ट’ म्हणवणाऱ्या बंडखोर कवी-चित्रकारांच्या, आधीच्या पिढीचं छापील जग हे असं होतं. उंची कागद, नक्षी, सोनेरी अक्षरं. कविता म्हणजे दिवाणखान्यात मांडून ठेवायची वस्तू. १९१०मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या काही तरुणांनी आपला पहिला संग्रह काढला तो वॉलपेपरच्या मागच्या बाजूवर. भिंतीला डकवायचा स्वस्त कागद. शिवाय त्या काळच्या रशियन लिपीतली दोन जुनी अक्षरं त्यांनी परस्पर रद्द करून टाकली. सरकारला तेच करायला क्रांती व्हावी लागली.

(पडद्यावर: ‘मीर्स्कोंत्सा’ची वेगवेगळी मुखपृष्ठं, शेजारीशेजारी)

आता जरा थांबून बघण्यासारखं पुस्तक. १९१२, मॉस्को. नाव ‘मीर्स्कोंत्सा’, म्हणजे शेवटाकडून सुरू होणारं जग. लेखक क्रुचोनिख आणि वेलिमिर ख्लेब्निकोव. मुखपृष्ठ नताल्या गोंचारोवाचं. तिने रंगीत कागदातून पानाफुलासारखे आकार कापले आणि एकेका प्रतीवर चिकटवले. २२० प्रती. इथे हिरवा, तिथे काळा, कुठे सोनेरी. आकारही जुळत नाहीत.

आत जा. काही मजकूर हाताने लिहून शिळाप्रेसवर छापलेला. काही रबरी शिक्क्यांनी, एकेक अक्षर उठवत. आणि काही अक्षरं चक्क बटाट्याची. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण बटाटा कापून ठसे उठवायचो, तसेच. ओळ वाकडी जाते, शाई कुठे जास्त, कुठे कमी. मुद्रितशोधकाला घाम फुटावा असं पान.

याला निव्वळ पोरखेळ म्हणणारे तेव्हाही होते. पण क्रुचोनिख ओडेसाच्या कलाशाळेत शिकलेला माणूस, चित्रकलेचा शिक्षक. शिळाप्रेसचं तंत्र त्याला ठाऊक होतं. तेलकट पेन्सिलीने खास कागदावर लिहायचं, तो कागद ओल्या दगडावर दाबायचा, की अक्षर दगडावर उतरतं. उलटं लिहायची कटकट नाही. जुळाऱ्याकडे जायला नको, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला नकोत. एका पानावर अक्षर आणि चित्र एकाच पेन्सिलीने, एकाच बैठकीत. आणि हात थरथरला तर तेही छापलं जातं.

१९१३मध्ये क्रुचोनिख आणि ख्लेब्निकोव यांनी ही भूमिका लिहूनच काढली. सार असं: शब्द एका हस्ताक्षरात असला तर तो एक, दुसऱ्या हस्ताक्षरात वेगळा, आणि शिशाच्या खिळ्यांत तर पार निराळा. लिहिताना कवीची मनःस्थिती बदलते, अक्षर बदलतं, आणि ती मनःस्थिती अर्थाला बाजूला ठेवूनही वाचकापर्यंत पोचते.

(पडद्यावर: हस्तलिखित पान, वर चित्रकार लारिओनोवच्या फटकाऱ्यांचं चित्र)

‘डिर बुल श्चिल’. त्याच वर्षी ‘पोमादा’ या चिमुकल्या पुस्तकात आलेल्या क्रुचोनिखच्या पाच ओळींच्या कवितेची ही पहिली ओळ. अर्थ शोधू नका, कवीनेच तिथे लिहून ठेवलंय की या शब्दांना ठरावीक अर्थ नाही. पुश्किनच्या सगळ्या कवितेत नसेल इतकं रशियनपण या पाच ओळींत आहे, असाही त्याचा दावा होता. दावा मोठा आहे, मला तो पटत नाही. पण आज प्रत्येक संकलनात ही कविता सुबक टाइपात, एकटीच छापतात, मिखाइल लारिओनोवचं चित्र वगळून. मग ती नुसती गंमत वाटते. पानावर ती अक्षरं चित्राच्याच रेघांतून फुटल्यासारखी दिसतात. छापखान्याने अर्धी कविता गाळली, आणि दोष कवीच्या माथी.

चित्रकारांवर तर याहून अन्याय झाला. ‘नरकातला खेळ’ ही क्रुचोनिख आणि ख्लेब्निकोवची दीर्घ कविता, सैतान आणि पापी लोक पत्ते खेळतायत अशी. १९१२मध्ये ती गोंचारोवाने सजवली. दुसऱ्या आवृत्तीत कविता वाढली आणि चित्रं आली रोझानोवा आणि कझिमीर मालेविच यांची. दोन्ही समोर ठेवा. ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. तरीही सूचीत नाव कवींचं, आणि चित्रं म्हणे ‘सजावट’.

(पडद्यावर: पिवळ्या, फुलाफुलांच्या वॉलपेपरचं पंचकोनी पान)

हे मात्र हस्ताक्षर नाही, हे खिळेच आहेत. १९१४, ‘गायींबरोबर टँगो’, कवी वसिली कामेन्स्की. इथेही वॉलपेपर, पण यावेळी भडक नक्षीची बाजू लपवलेली नाही. वरचा उजवा कोपरा तिरका कापलेला, त्यामुळे पान पाच कोनांचं. कामेन्स्की आपल्या कवितांना ‘लोहकाँक्रीटच्या कविता’ म्हणायचा. ‘कॉन्स्टँटिनोपल’ या कवितेत पानाला आडव्यातिडव्या रेघा मारून तुकडे पाडलेत आणि तुकड्यातुकड्यात कानावर पडलेले शब्द, अर्धवट नावं, सुटी अक्षरं. सुरुवात कुठून करायची ते तुम्ही ठरवा. शहरात नवखा माणूस तरी कुठे ठरवून फिरतो?

कामेन्स्की वैमानिकही होता. १९१२मध्ये पोलंडमधल्या चेन्स्तोखोव्याला त्याचं विमान कोसळलं आणि तो थोडक्यात बचावला. या पुस्तकात वॉर्सातल्या उड्डाणाची एक कविता आहे. ती खालून वर वाचायची. तळाशी लांब ओळी, धावपट्टीच. मग ओळी आखूड होत जातात, अक्षरं बारीक, वरती टिपका. ज्या जुळाऱ्याने हे पान जुळवलं त्याचं नाव पुस्तकाबरोबर टिकायला हवं होतं.

(पडद्यावर: जांभळ्या, गुलाबी शाईतली पानं)

‘ते ली ले’ हे पुस्तक, १९१४, प्रती ५०, हेक्टोग्राफवर छापलेल्या. हेक्टोग्राफ म्हणजे जिलेटिनचा थर. त्यावर खास शाईचं लिखाण दाबायचं, मग कोरे कागद एकामागून एक. प्रत्येक कागदासरशी शाई उतरत जाते, म्हणून प्रती मोजक्याच निघतात. फायदा एकच, पण मोठा: सगळे रंग एकाच दाबात. रोझानोवाने अक्षरांनाच रंग दिले.

मग युद्ध. १९१६च्या ‘वैश्विक युद्ध’ या पुस्तकाच्या १०० प्रती. प्रत्येकीत १२ कोलाज, रंगीत कागद कापून हाताने चिकटवलेले. बाराशे पानं, आणि बाहेर पेत्रोग्राडमध्ये, म्हणजे नाव बदललेल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, पावासाठी रांगा.

रोझानोवा १९१८मध्ये घटसर्पाने गेली. वय ३२. क्रुचोनिख पुढे तब्बल ५० वर्षं जगला. स्टालिनच्या काळात त्याच्या कविता छापणारं कोणी नव्हतं. जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं विकून तो मॉस्कोत दिवस काढायचा, आणि मित्रांची पत्रं, चिठ्ठ्या, फोटो वह्यांमध्ये चिकटवत राहायचा. ती सवय सुटली नाही. या वह्या आता मॉस्कोच्या सरकारी साहित्य अभिलेखागारात आहेत.

(पडद्यावर: श्रेयनामावली सुरू)