शेवटच्या कॉम्प्रेशननंतर

(दृश्य: अँब्युलन्सचं मागचं दार उघडं. आत दिवा. फरशीवर फाडलेली पाकिटं. प्रसंग नाट्यरूपांतर आहे.)

सीपीआर, म्हणजे थांबलेलं हृदय चालू करण्यासाठी छाती दाबण्याचा प्रयत्न, थांबला आहे. मृत्यूची वेळ नोंदवून झाली आहे. घरच्यांशी बोलून झालं आहे. आता गाडीत उरलाय तो पसारा: शॉक देण्याच्या पॅडची फाटकी पिशवी, पॅडवरून सोललेला प्लास्टिकचा कागद, सक्शनची नळी, ट्रेमध्ये अॅड्रेनलिन या औषधाच्या पाच रिकाम्या अँप्युल, आणि आतून घामाने ओले झालेले हातमोजे.

हा पसारा घाईघाईने डब्यात टाकू नये. आधी मोजावा. पाच अँप्युल म्हणजे पाच मिलिग्रॅम. दर ३ ते ५ मिनिटांनी एक या हिशेबाने पहिल्या डोसपासून शेवटच्यापर्यंत १२ ते २० मिनिटं गेली. अँब्युलन्सवरच्या नव्या पॅरामेडिक मुलीच्या डोक्यात मात्र घोळत असतं, ‘आपण औषध दोनदाच दिलं की काय?’ अशा वेळी तिच्या आठवणीपेक्षा ट्रेवर जास्त विश्वास ठेवावा.

ती आठवण मुद्दाम खोटं बोलत नाही. ताणाखाली मेंदू समोरच्या एका गोष्टीला चिकटतो, बाकीचं नीट साठवतच नाही. वेळेचा अंदाजही ताणला जातो किंवा आकसतो. नाडी शोधताना सेकंद पळतात, शॉकसाठी यंत्र चार्ज होताना तेच सेकंद सरता सरत नाहीत. नंतर या फाटक्या चित्रातली भोकं मन स्वतःच बुजवतं, आणि बुजवायला हाताशी असतो तो अपराधीपणा.

(दृश्य: ती पायरीवर बसलेली. हातात पाण्याची बाटली, झाकण अजून उघडलेलं नाही.)

तिच्या मनात प्रश्न एकच आहे: ‘मी कमी पडले का?’

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यात दोन वेगळे हिशेब एकत्र कालवलेत. एक तिच्या हातातला. दुसरा ती पोचण्याआधीच मांडला गेलेला.

दुसरा आधी पाहू. हृदय थांबल्यावर कुणी छाती दाबली नाही, तर शॉक मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी उतरते. शेजारच्याने लगेच दाब सुरू केले तर ही उतरण ३ ते ४ टक्क्यांवर येते. म्हणजे माणूस कोसळला, घरातले घाबरून हाका मारत राहिले आणि गाडी नवव्या मिनिटाला पोचली, तर बराचसा निकाल दारातच लागलेला असतो. मॉनिटरवरची पहिली लय उरलेलं सांगते. व्हीएफ असेल, म्हणजे हृदय नुसतं थरथरत असेल, तर शॉकला काही अर्थ असतो, आणि चांगल्या यंत्रणेत अशा रुग्णांपैकी चारातला एक किंवा त्याहून जास्त घरी परततात. सरळ रेषा असेल तर शंभरातले जेमतेम दोन-तीन. सरळ रेषेला शॉक देतच नाहीत. सिनेमातले डॉक्टर देतात, तो भाग वेगळा.

सिनेमाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण नव्या माणसाच्या मनातली मोजपट्टी बऱ्याचदा तिथूनच येते. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक लेख आला होता. अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकांमधल्या सीपीआरच्या प्रसंगांची त्यात मोजणी होती: ७५ टक्के रुग्ण तिथल्या तिथे वाचलेले. आणि फार मागे गेलं, तर छाती दाबण्याच्या आजच्या पद्धतीचा पाया घालणारा कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांचा १९६० चा शोधनिबंध आहे. त्यात २० रुग्णांपैकी १४ वाचले. पण ते रुग्ण रुग्णालयातले, बरेचसे भुलीखाली असताना हृदय थांबलेले, आणि डॉक्टर शेजारीच उभे. घराच्या फरशीवर पडलेल्या माणसाला तो आकडा लागू होत नाही. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी घरी परतणारे, सगळ्या लयी धरून, बहुतेक ठिकाणी दहातला एक किंवा त्याहूनही कमी.

(दृश्य: मॉनिटरमधून निघणारी कागदी पट्टी. बोट एका जागी थांबतं.)

आता तिच्या हातातला हिशेब. हा मोजता येतो.

हल्लीचे बहुतेक डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक देणारी यंत्रं, सगळं साठवून ठेवतात: लय, शॉकची वेळ, आणि छातीवर, हाताखाली सेन्सर ठेवला असेल तर प्रत्येक दाबाची खोली आणि गती. ही नोंद उघडण्याआधी एक काम करावं. मॉनिटरचं घड्याळ आणि कंट्रोल रूमचं घड्याळ शेजारी ठेवून फरक पाहावा. दोन्हींत दोन-तीन मिनिटांची तफावत सहज सापडते, आणि त्या तफावतीमुळे कुणीतरी स्वतःला ‘तीन मिनिटं उशिरा’ ठरवून महिनाभर जळत बसतं.

मग सीनियर विचारतो. गाडीजवळच, पाच-दहा मिनिटांत, पुढचा कॉल येण्याआधी.

‘सांग, आत गेल्यावर तुला पहिल्यांदा काय दिसलं?’

‘ते पलंगावर होते, दादा. श्वास घेतायत असं वाटलं.’

‘मग?’

‘मी नाडी बघत बसले. खूप वेळ.’

‘खूप म्हणजे किती? चल, बघू.’

नोंद सांगते, मॉनिटर चालू झाल्यापासून पहिल्या दाबापर्यंत १४ सेकंद. नाडी बघायची मर्यादा १० ची. म्हणजे ‘खूप वेळ’ म्हणजे चार सेकंद. चार सेकंद कमी करायलाच हवेत, पण चार सेकंदांनी माणूस गेला नाही.

‘श्वास घेतायत असं वाटलं’ हे मात्र नीट उलगडायला हवं, कारण नवे लोक इथेच फसतात. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं मधूनच एक उचकीसारखा, घोरल्यासारखा श्वास येतो. जबडा हलतो, छाती फारशी उचलली जात नाही, मग पुन्हा लांबलचक शांतता. ही मेंदूच्या तळाची शेवटची धडपड असते. बेशुद्ध माणूस आणि असला श्वास, म्हणजे दाब सुरू करायचे. पुढे घरचे म्हणतात, ‘अहो, श्वास चालू होता की!’ आणि ते वाक्य रात्री नव्या माणसाच्या कानात वाजत राहतं.

याहून जास्त छळणारी एक गोष्ट आहे. क्वचित, दाब चालू असताना रुग्ण डोळे उघडतो, हात हलवतो, दाबणाऱ्याचा हात धरायलाही बघतो. दाब थांबले की हालचाल थांबते. ज्याने हे पाहिलं त्याला वाटतं, माणूस जिवंत होता आणि आपण त्याला सोडलं. चांगल्या दाबांनीही रक्ताभिसरण नेहमीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकंच होतं. कधी तेवढं रक्त मेंदूला पुरतं आणि डोळे उघडतात. दाब नीट पडत होते याची ती खूण आहे. हृदय स्वतःहून सुरू झालं होतं असा त्याचा अर्थ नाही. नाडी आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा पाहिल्याशिवाय तसं म्हणताच येत नाही.

बरगडीचा आवाजही असाच. सरावाच्या बाहुलीची स्प्रिंग कधी मोडत नाही, तिच्या तोंडातून उलटी येत नाही, म्हणून खऱ्या छातीतून पहिल्यांदा ‘कट्’ ऐकू आलं की हात आपोआप हलके पडतात. तिथेच नुकसान होतं. योग्य खोली ५ ते ६ सेंटीमीटर, आणि तेवढं दाबल्यावर प्रौढ माणसाच्या बरगड्या मोडणं नेहमीचं आहे. अशा वेळी हात उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, मध्यरेषेत आहे ना, एवढं बघायचं आणि दाबत राहायचं.

(दृश्य: पडद्यावर दाबांचा आलेख. डोंगररांगेसारखी रेघ, मध्ये सपाट तुकडे.)

आलेखात बघायचं काय? गती मिनिटाला १०० ते १२०. घाबरलेला हात १४० वर जातो, आणि वेग वाढला की खोली आपसूक घटते. दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ण वर यायला हवी. दमलेला माणूस छातीवर रेलतो आणि हृदयात परत यायचं रक्तच अडतं. दीड-दोन मिनिटांत खोली उतरू लागते, ती दाबणाऱ्याला स्वतःला जाणवत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, ‘मला जमतंय’ म्हणत असला तरी. आणि ते सपाट तुकडे म्हणजे हात छातीवर नसलेला वेळ. वीस मिनिटांच्या प्रयत्नात १,२०० सेकंद असतात. त्यातले ९६० सेकंद दाब चालू असतील तर काम ८० टक्के, म्हणजे उत्तम. ७२० च्या खाली गेलं तर कुठे थांबलो ते एकेक शोधावं. बहुधा श्वासनळीत नळी टाकताना, नाही तर रुग्णाला जिन्यावरून उतरवताना.

पलंगावर दाब दिले असतील तर आलेखावर विश्वास ठेवू नका. सेन्सर गादीची खाली-वर हालचालही खोलीत धरतो. कागदावर साडेपाच सेंटीमीटर दिसतात, छाती प्रत्यक्षात चारच दबलेली असते. म्हणून आधी रुग्णाला फरशीवर घ्यायचं. तिने ते केलं होतं. तिला आठवत नव्हतं, सीनियरला आठवत होतं.

मग खरी चूक कुठे होती? तिने कल्पनाही केली नव्हती तिथे.

नळी बसल्यावर कार्बन डायऑक्साइडच्या आलेखात प्रत्येक श्वासाचा एक उंचवटा दिसतो. एका मिनिटातले उंचवटे मोजले: २६. असायला हवेत १०. हवा भरायची बॅग तिच्याच हातात होती. इतक्या वेगाने हवा भरली की छातीतला दाब वाढलेलाच राहतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि शेजारी कुणी जीव तोडून दाबत असलं तरी त्याचं बरंचसं काम वाया जातं. हातात बॅग असली की भीती बोटांतून बाहेर पडते. जुन्या लोकांकडूनही हे होतं. नाडीच्या त्या चार सेकंदांवर ती स्वतःला दोषी धरून बसली होती आणि सुधारायची गोष्ट बॅगेत होती. शंका बोट ठेवते, पण बहुतेक वेळा भलत्याच जागी.

या २६ मुळे तो रुग्ण दगावला का? पहिली लय सरळ रेषा. कोसळताना कुणी पाहिलेलं नाही. वीस मिनिटांनंतर श्वासातला कार्बन डायऑक्साइड १० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली. नाही म्हणावं लागेल. शेवट कळल्यावर तो आधीपासूनच दिसत होता असं सगळ्यांना वाटतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांनी हे दाखवलं. त्यामुळे चर्चेत प्रश्न असा विचारावा: ‘त्या क्षणी तुला काय माहीत होतं?’

(दृश्य: रात्र. खिडकीत दिवा.)

घरी गेल्यावर काय? ‘बोल, सगळं बोल, मन मोकळं कर’ हा आग्रह करू नये. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडलेली सामूहिक डीब्रीफिंगची, म्हणजे घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करण्याची, पद्धत जगभर पसरली. पुढे अभ्यासांची छाननी झाली तेव्हा एकाच बैठकीत सगळं बोलायला लावल्याने नंतरचा मानसिक आघात टळत नाही असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनाही ते सुचवत नाही. ज्याला बोलायचंय त्याच्यासाठी माणूस हवा, ज्याला नाही त्याला जेवण आणि झोप. झोपेसाठी दारू नको. ती झोप आणते आणि मध्यरात्री मोडते.

पहिले काही दिवस तो चेहरा दिसणं, भूक मंदावणं, आवाजाने दचकणं, हे चालायचंच. हळूहळू ओसरतंय का, एवढं बघायचं. महिना उलटूनही तीच दृश्यं घुसत असतील, त्या रस्त्याने जाणं टाळलं जात असेल, कॉल आला की हात थरथरत असतील, किंवा उलट काहीच वाटेनासं झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. जगायलाच नको असा विचार आला, तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी.

आणखी एक गोष्ट नव्यांना कुणी शिकवत नाही: घरच्यांना सांगितलेलं वाक्य. ‘ते गेले’ म्हटलं की एखादी आई विचारते, ‘कुठल्या हॉस्पिटलला?’ नीट बसवून, नजरेला नजर देऊन, ‘त्यांचा मृत्यू झाला आहे’ असंच म्हणायचं, मग गप्प राहायचं. ती शांतता भरायला जाऊ नये. बऱ्याच जणांना रुग्णापेक्षा हे अडखळलेलं वाक्य जास्त दिवस टोचतं, आणि त्याचाही सराव करता येतो.

(दृश्य: सकाळ. सरावाची खोली. फरशीवर बाहुली, तोंडात नळी.)

आज छाती तिच्या वाट्याला नाही. नुसती बॅग. प्रौढांची बॅग दीडेक लिटरची असते, पूर्ण पिळायची नसते. छाती जेमतेम उचलली जाईल इतकं, ५०० ते ६०० मिलीलिटर, एका सेकंदात. मग बोटं सैल.

सीनियर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय. ती मोठ्याने मोजते.

‘एक... दोन... तीन... चार... पाच... सहा.’

दाब.

तिसऱ्या मिनिटाला ती पुन्हा चारवर दाबते. तिचं तिलाच कळतं. ती बॅग खाली ठेवते, हात पँटला पुसते, आणि एकपासून मोजायला लागते.