दोन नंबरची जागा

मंडळी, ओझरवरून उठलेलं सुखोई दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवरून गडगडत गेलं की आपण अजूनही हातातलं काम टाकून वर बघतो. मिगच्या उत्पादनासाठी १९६४ मध्ये ओझरला कारखाना आला, तेव्हापासून या भागातल्या माना सवयीनेच वर जातात. पण मी वैमानिक नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशिन शॉप आहे. आज बोलायचंय ते घरी संगणकासमोर बसून, इंटरनेटवरून एकत्र उडणाऱ्या लोकांबद्दल. आमच्यात कुणी सिडकोचा, कुणी नाशिकरोडचा, दोघं संगमनेरचे, एक जळगावचा. याला व्हर्च्युअल स्क्वाड्रन म्हणतात, आणि 'एवढी मोठी माणसं गेम खेळता?' हा प्रश्न आम्हाला घरीच विचारून झालेला असतो, त्यामुळे तो सोडून पुढे जाऊ.

सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या विमानाची नक्कल करणारा संगणकावरचा प्रोग्रॅम, किती खोलात जातो ते सांगतो. १९४० चं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर घ्या. त्याच्या मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये मात्र पेट्रोल एका पंपाने थेट सिलिंडरमध्ये सोडलं जायचं. मागे स्पिटफायर लागलं की जर्मन वैमानिक दांडा पुढे ढकलून सरळ नाक खाली घालायचा. स्पिटफायरवाल्याने तेच केलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं, इंजिन ठसकायचं, क्षणभर बंदच पडायचं. तोवर मेसरश्मिट लांब. फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर होत्या. त्यांनी पेट्रोलच्या वाटेत बसवायचा मोजक्या भोकाचा एक छोटा पितळी तुकडा तयार केला आणि १९४१ मध्ये तो विमानतळांवर जाऊन बसवूनही दिला. लेथवर पाच मिनिटांत निघेल असा जॉब! आमच्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा गोड गोष्ट नाही.

तर, चांगल्या सिम्युलेटरमध्ये हे इंजिन आजही तसंच ठसकतं. त्यावरचा उपायही त्या वैमानिकांचाच. आधी विमान पाठीवर उलटं करायचं आणि मग दांडा पोटाशी ओढत खाली जायचं, म्हणजे पेट्रोल जागच्या जागी राहतं. नवीन पोराला हे दहा वेळा सांगून पटत नाही. शत्रू हातातून निसटला की लगेच पटतं.

त्याच स्पिटफायरच्या आठही मशिनगन सलग झाडल्या तर गोळ्या साधारण १५ सेकंदांत संपतात. आमची एक फेरी मात्र तासाभराची असते. मग उरलेला वेळ करतात काय? बघतात. मान फिरवून बघतात, शेपटीमागे बघतात, सूर्याकडे बघतात, आणि आपला सोबती कुठे आहे ते बघतात. सगळी स्क्वाड्रन या बघण्यावर चालते, आणि म्हणूनच मला आज दोन नंबरच्या विमानाबद्दल बोलायचंय.

एक नंबर पुढे असतो. दोन नंबर त्याच्या बाजूला, जरा मागे. एक नंबरने हल्ला करायचा, दोन नंबरने त्याची पाठ राखायची. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर व्हायचं असतं. आपल्या नाशिक ढोलाच्या पथकात नवा मुलगा पहिल्या दिवशी जीव खाऊन बडवतो, आणि त्याला ताशाकडे लक्ष द्यायला शिकवण्यात महिना जातो. इथेही तसंच.

ही जोडीची पद्धत लढाईतूनच आली. १९४० मध्ये ब्रिटिश तीन-तीन विमानांचा घट्ट बाण करून उडत. दिसायला झकास. पण बाजूचे दोघं आपला पंख पुढच्याला घासू नये याच विवंचनेत, आकाश बघायला मोकळं कोण? जर्मनांनी स्पेनच्या यादवी युद्धातच जोडीची पद्धत बसवली होती, वेर्नर मोल्डर्स यांचं नाव त्यासाठी घेतात. दोघांची जोडी, दोन जोड्यांचा चौघांचा गट, आणि मध्ये ऐसपैस अंतर. अंतर असलं की प्रत्येकाला दुसऱ्याच्या शेपटीमागचं आकाश दिसतं.

अमेरिकन नौदलातले जॉन थॅच यांनी १९४१ मध्ये घरच्या टेबलावर आगकाड्या मांडून यातली पुढची पायरी शोधली. जपानी झिरो विमान वळण्यात सरस, यांचं वाइल्डकॅट विमान जड. एकट्याने झिरोशी वळत बसणं म्हणजे मरण. त्यांचा डाव असा, की दोन विमानं शेजारी, अंतर राखून. एकाच्या मागे शत्रू लागला की दोघांनीही एकमेकांच्या दिशेने वळायचं. पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत त्यांनी हे करून दाखवलं. कागदावर सोपं आहे. आमच्याकडे हा डाव नेहमी एकाच जागी मोडतो. ज्याच्या मागे शत्रू लागलाय तो मित्राकडे वळण्याऐवजी मित्रापासून लांब पळतो. भीती खोटी असली, खुर्ची घरातली असली, तरी पाय तिकडेच जातो.

आता रेडिओ. सुरुवातीला आमच्यात कुणीतरी ओरडायचं, 'अरे मागे बघ, मागे!' की आठही जण एकदम वळायचे. जो धोक्यात होता तोही, आणि जो निवांत होता तोही. दोन मिनिटांत गटाच्या चिंध्या. आता पद्धत ठरलेली आहे. आधी कुणाला, मग काय करायचं, मग कारण. 'तीन, उजवीकडे ब्रेक! सहा वाजता, वर, एक.' ब्रेक म्हणजे झटकन वळ, सहा वाजता म्हणजे थेट पाठीमागे, एक म्हणजे शत्रूचं एक विमान. तिसरा वळतो, चौथा त्याला सांभाळतो, बाकीचे तोंड बंद ठेवतात. तोंड बंद ठेवणं हे मराठी माणसांच्या गटात सगळ्यात अवघड, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

इंटरनेटची अडचण अगदीच सोडून चालणार नाही. मोठे सर्व्हर बरेचसे युरोपात. ते लोक रात्री ८ ला बसतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे १२.३० वाजलेले असतात, हा झाला संसाराचा प्रश्न. दुसरा प्रश्न अंतराचा. ताशी ५४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५० मीटर. माहिती पोचायला ०.२ सेकंद लागले तर तेवढ्यात विमान ३० मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे तीन स्पिटफायर एकामागे एक लावावीत एवढं. म्हणून आपला संगणक समोरच्याचा वेग आणि दिशा धरून तो आत्ता कुठे असेल याचा अंदाज दाखवतो. सरळ उडताना अंदाज जमतो, अचानक वळलं की चुकतो, आणि विमान हवेतल्या हवेत उडी मारतं. त्यामुळे एक नंबरला चिकटून उडायची हौस इथे आणखी महागात पडते. आणि लाईट गेली तर एक नंबर अख्खाच गायब होतो! अशा वेळी तीन नंबरने न विचारता गट ताब्यात घ्यायचा, हे उडण्याआधीच ठरवून ठेवतो.

फेरी संपली की खरं काम. टॅकव्ह्यू नावाच्या प्रोग्रॅममध्ये सगळी फेरी नकाशावर परत चालवून बघता येते. कोण कुठे होता, किती उंचीवर, किती वेगाने. 'मी तर तुझ्या मागेच होतो' असं म्हणणारा चार किलोमीटर लांब, शेतातल्या ट्रकवर गोळ्या मारताना सापडतो. इथे वय, हुद्दा काही चालत नाही. आमच्यातल्या एका बँकेतल्या साहेबांना अकरावीचा मुलगा 'काका, इथे तुम्ही मला सोडून गेलात' असं सांगतो, आणि काका ऐकून घेतात. काही सर्व्हरवर कुणी किती पाडली याची यादी लागते. मला ती यादी आवडत नाही. पाठ राखणाऱ्याचा तिच्यात रकानाच नसतो.

आणि हे 'पाडणं' बोलताना जीभ जरा जड झाली पाहिजे. इंद्रलाल रॉय हा कोलकात्याचा मुलगा, पहिल्या महायुद्धात एस.ई.५ए विमान उडवायचा. जुलै १९१८ मध्ये त्याच्या नावावर दोन आठवड्यांच्या आत १० विजय लागले, आणि २२ जुलैला तो गेला. वय १९. ते विमान आज सिम्युलेटरमध्ये आहे, आम्ही त्यात मरतो आणि बटण दाबून परत उडतो. म्हणून आम्हाला कुणी 'पायलट' म्हटलं की मी थांबवतो.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी लाखभराची खरेदी करू नये. डीसीएस वर्ल्ड हा सिम्युलेटर फुकट उतरवता येतो, त्याबरोबर दोन विमानं फुकट मिळतात. मान फिरवल्यावर पडद्यावरचं दृश्य फिरावं यासाठी साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. ओझरमुळे इथे प्रत्येकाला आधी मिग-२१ वरच बसायचं असतं. तेही विकत मिळतं, पण घाई नको. उतरताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर, आणि फ्लॅपवरून, म्हणजे पंखामागच्या खाली वळणाऱ्या झडपांवरून, फुंकली जाणारी हवा इंजिनातूनच येते. घाबरून थ्रॉटल मागे ओढलात की ती हवाही कमी होते आणि विमान धपकन खाली बसतं.

सभागृहात मागे टेबल मांडलंय. रडरची, म्हणजे विमानाचं नाक पायाने डावी-उजवीकडे वळवायची, पेडल्स आमच्याच शॉपमध्ये केलेली आहेत. आधी त्यांत पेडल किती हललं ते मोजायला घासत फिरणारा पोटेन्शिओमीटर होता, तो झिजून विमान आपोआप डावी-उजवीकडे डुलायचं. आता चुंबक आणि हॉल सेन्सर बसवलाय, घासायला काही उरलेलंच नाही. बसून बघा. फक्त चाकांची खुर्ची ओढून घेऊ नका. जोरात पाय दिलात की रडर जागेवर राहतो आणि तुम्ही मागे जाता.