डिफरन्शियल आहे ना, मग ग्राउंड कशाला?

नमस्कार मंडळी. रबाळे, महापे, वागळे इस्टेट... या पट्ट्यात पॅनेलचं काम करणारा कुणीही भेटू दे, एक वाक्य ठरलेलं असतं. "आरएस-४८५ डिफरन्शियल आहे, दोन वायरी ओढल्या की झालं, ग्राउंड लागत नाही." आरएस-४८५ म्हणजे मीटर, ड्राइव्ह अशी यंत्रं एकमेकांशी डेटा बोलतात ती जोडणी; तिच्या सामाईक वायरींना बस म्हणतात. डिफरन्शियल म्हणजे सिग्नल दोन वायरींमधल्या फरकात, आणि ग्राउंड म्हणजे सर्किटचा शून्य व्होल्ट. ते वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आयसी जळतात.

(मोड्यूल कॅमेऱ्याजवळ धरून)

हे लॅमिंग्टन रोडला मिळणारं स्वस्तातलं मॅक्स-४८५ मोड्यूल, म्हणजे आरएस-४८५ चा सिग्नल पाठवणारी-घेणारी चिप बसवलेला छोटा बोर्ड. स्क्रू टर्मिनल बघा, ए आणि बी, दोनच स्क्रू. ग्राउंड आहे, पण या बाजूच्या चार पिनांत, कोपऱ्यात. बनवणाऱ्यानेच स्क्रू दिला नाही, तर वायरमन तिसरी वायर कशाला ओढेल?

रिसीव्हर फक्त ए आणि बी मधला फरक बघतो. ए हा बी पेक्षा २०० मिलिव्होल्टने वर असला की एक, तेवढाच खाली गेला की शून्य. वायरी पिळलेल्या असतात, त्यामुळे बाजूच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) नॉइज दोन्हींवर जवळपास सारखाच चढतो आणि फरक तसाच राहतो. ठाणे-पनवेल लोकलमध्ये शेजारी उभे असलेले दोघं गाडीबरोबर कितीही डुलू देत, त्यांच्या उंचीतला फरक बदलत नाही. पण गाडीला छत असतं! इथलं छत म्हणजे कॉमन मोड रेंज: रिसीव्हरच्या स्वतःच्या ग्राउंडपासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट. दोन्ही वायरी मिळून त्याबाहेर गेल्या की डेटा बिघडतो, आणि खूपच बाहेर गेल्या तर चिप जाते.

आता दोन शेडमध्ये दोन पॅनेल घ्या. दोन्हींना अर्थिंग आहे, पण मधल्या जमिनीतून आणि अर्थच्या वायरीतून मोटरींचा लीकेज करंट फिरतोय. म्हणजे इकडचा शून्य व्होल्ट आणि तिकडचा शून्य व्होल्ट एकच नाहीत. मोटर सुरू झाली की रीडिंग उडतं, बंद केली की सगळं सुरळीत, ते बरेचदा यामुळेच. मग मीटर बदला, केबल बदला, प्रोग्रामरला शिव्या घाला...

तिसरी वायर टाकली की दोन्ही ग्राउंड जवळ येतात. पण दोन्ही शून्य आधीच अर्थला बांधलेले असतील, तर तो लीकेज करंट या बारीक वायरीतून धावायला लागतो. हाच ग्राउंड लूप. म्हणून तिच्यात १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकतात. शील्डसुद्धा, म्हणजे केबलवरचं धातूचं आवरण, साधारणपणे एकाच टोकाला अर्थ करा.

अंतर जास्त असेल तर सरळ आयसोलेशन घ्या. सिग्नल उजेडाने, चुंबकीय क्षेत्राने किंवा कपॅसिटरमधून पलीकडे जातो, तांब्याची जोडणी राहत नाही. आणि लोक घोळ घालतात तो इथेच: आयसोलेटर महागातला घेतात आणि दोन्ही बाजूंना सप्लाय एकाच ५ व्होल्टवरून देतात! ग्राउंड मागच्या दाराने जोडलाच गेला की. बसच्या बाजूला वेगळा आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे ग्राउंड न जोडता सप्लाय देणारा, हवाच.

(मल्टिमीटर दाखवत)

सप्लाय बंद करा, मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक प्रोब आयसोलेटरच्या इकडच्या ग्राउंडवर, दुसरा पलीकडच्या, बसच्या बाजूच्या ग्राउंडवर. बीप वाजला तर आयसोलेशन नावापुरतंच आहे. आणि तिसरी वायर तरीही लागते बरं का, फक्त आता ती बसच्या बाजूचे सगळे ग्राउंड एकमेकांना जोडते.

एक गोष्ट मात्र कुणी करू नका. लूप तोडायचा म्हणून पॅनेलची हिरवी, अर्थिंगची वायर काढायची नाही. ती माणसासाठी आहे, सिग्नलसाठी नाही.

आणि साइटवर लॅपटॉप लावून बस तपासताना चार्जर काढून बघा. बॅटरीवर रीडिंग नीट येतं आणि चार्जर लावला की उडतं, तर तुमच्या साध्या यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टरने चार्जरच्या तीन पिनी प्लगमधून बसचा ग्राउंड अर्थला नेऊन टेकवलाय. तिथे आयसोलेटेड कन्व्हर्टर लावा.