हेळव्याच्या चोपडीत नसलेली ओळ

[दृश्य: खानापूर तालुक्यातलं एक गाव. सुगी संपलेली. अंगणात हेळवी चोपडी उघडतो.]

भात घरात आलं की आमच्या भागात हेळवी येतो. घोंगड्यावर बसतो, मांडीवर जाडजूड चोपडी घेतो आणि घराण्याचं मूळ गाव, खापरपणजोबा, त्यांचे मुलगे, कोण कुठं जाऊन राहिला, सगळं एका दमात म्हणून दाखवतो. घरात नवं मूल आलं असेल तर नाव लिहून घेतो. सुपातलं भात घेतो आणि पुढच्या दारात जातो.

पणजोबांना म्हातारपणी काय त्रास होता, आजोबा रात्री इतक्या वेळा का उठायचे, ते मात्र चोपडीत नाही. आमच्या घरात ते कुणी बोललंही नव्हतं.

[दृश्य: रात्र. बेळगावकडे जाणारा रस्ता, गाडीचे दिवे.]

आप्पा तेव्हा ५८ वर्षांचे. सौंदत्तीहून यल्लम्माचं दर्शन घेऊन टेम्पोनं परत येत होते. बायामाणसं बरोबर, म्हणून गाडी थांबवा म्हणायला लाजले. सर्दी होती, वाटेत गोळी घेतलेली. घरी आले ते पोट धरूनच. ओटीपोट दगडासारखं, आणि लघवीचा थेंब नाही. मध्यरात्री बेळगावला नेलं, नळी घातली. पिशवी भरत गेली तसा त्यांचा चेहरा सैल पडत गेला. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

लघवी फार वेळ धरून ठेवणं आणि सर्दीच्या काही गोळ्या, या दोन्हींनी, पुरुषांतली प्रोस्टेट ही ग्रंथी आधीच वाढलेली असेल तर, लघवी पूर्ण अडकू शकते. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी कन्नडमधून विचारलं, घरात वडिलांना, भावांना हा त्रास होता का? आप्पांचं कन्नड बाजारापुरतं. मी मराठीत सांगितलं. पोटच्या पोराच्या तोंडून हा प्रश्न ऐकून त्यांनी मान फिरवली. "न्हाई," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी धाकटे चुलते, तात्या, भेटायला आले. खाटेशेजारी बसले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "माझं पण झालंय की ह्याच त्रासाचं ऑपरेशन. हुबळीला. घरात मुतखड्याचं म्हणून सांगितलोय."

दोघा भावांच्या शेतांमध्ये एक बांध आहे, तेवढंच अंतर.

[दृश्य: कागदावर हाताने काढलेली आकृती.]

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून बसलेली असते. तरुणपणी वजन साधारण २० ग्रॅम, आकार अक्रोडाएवढा. वयाबरोबर ती वाढते, नळी आवळते. मग धार बारीक होते, जोर लावावा लागतो, शेवटी थेंब थेंब येत राहतं, रात्री तीन-तीनदा उठावं लागतं. शवविच्छेदनांतून दिसलंय की ५१ ते ६० या वयात जवळपास निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत अशी वाढ असते, ऐंशीच्या पुढे दहातल्या आठांहून जास्त जणांत. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे.

वय झालं की होतंच, असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण काहींना ते लवकर आणि जास्त का होतं? इथं रक्ताचं नातं येतं.

१९९४ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ६४ वर्षांच्या आतच मोठ्या प्रोस्टेटसाठी ऑपरेशन करावं लागलेले पुरुष निवडले आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांची चौकशी केली. या नातेवाइकांना आयुष्यात कधीतरी तेच ऑपरेशन लागण्याची शक्यता ६६ टक्के निघाली. तुलनेला घेतलेल्या इतर घरांत ती १७ टक्के होती. सख्ख्या भावांचा धोका तर सहापट. साठीनंतर ज्यांना त्रास होतो त्यांच्यात घराण्याचा वाटा बराच कमी दिसला. म्हणून "कुणाला होता?" एवढं विचारून भागत नाही, "कितव्या वर्षी?" हेही विचारावं लागतं.

आप्पा ५८. तात्या ५५.

[दृश्य: पुन्हा चोपडीची पानं.]

हेळव्याची चोपडी बापाच्या वंशाची. जनुकं तशी एका बाजूनं येत नाहीत, अर्धी आईकडून येतात. आईला प्रोस्टेट नसतं, पण तिच्या वडिलांकडून आलेलं ती मुलाला देते. म्हणजे आजोळच्या आजोबांना काय होतं, मामाला काय आहे, हेही आपल्या हिशोबात धरायला हवं. मामाची मुलगी करायची रीत असलेल्या घरांत तर दोन्ही वंश पुन्हा पुन्हा एकमेकांत मिसळलेले असतात.

२०१८ साली आइसलँड आणि ब्रिटनमधल्या २०,६२१ रुग्णांची जनुकं तपासली गेली. एकच एक दोषी जनुक सापडलं नाही. १४ ठिकाणी मिळून २३ लहान लहान फरक सापडले, प्रत्येक जण थोडा थोडा भार टाकणारा. कॅन्सरशी जोडलेल्या फरकांशी त्यांचा फारसा संबंध नव्हता, पण त्यातले १५ पीएसएच्या पातळीशी जोडलेले निघाले. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, कॅन्सरची शंका तपासायला मोजतात ते. पीएसएचा आकडा वर गेला की आमच्याकडं घरात रडारड सुरू होते. तपासणी पुरी करायलाच हवी, पण आकडा वाढण्याचं कारण साधी वाढही असू शकतं. त्या अभ्यासात युरोपीय वंशाचीच माणसं होती, आपल्या मातीतली नव्हती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. या फरकांची तपासणी करून घ्या, असं आज कुठलाही डॉक्टर सरसकट सांगत नाही.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या गावचा अभ्यास छापून आला. तिथल्या काही घरांत मुलगे जन्मताना मुलींसारखे दिसत आणि वयात आल्यावर पुरुष होत. एका जनुकातल्या दोषामुळं त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं अधिक जोरकस संप्रेरकात रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) नीट काम करत नव्हतं. त्यांची प्रोस्टेट आयुष्यभर लहानच राहिली. तेच विकर अडवणारं औषध पुढं तयार झालं, फिनास्टेराइड. १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. तात्यांना ऑपरेशनच्या आधी हीच गोळी दिली होती. तीही ते भाताच्या कणगीमागं लपवून ठेवत.

[दृश्य: घराचा सोपा. संध्याकाळ.]

या वर्षी हेळवी आला तेव्हा मी शेजारी माझी वही घेऊन बसलो. आप्पा, तात्या, नाव आणि वय. आजोबांपुढं आप्पांनी स्वतः सांगितलं, "रात्री परड्याकडं जायची वाट त्यांना पाठ झाली होती." तेवढंच लिहिलं. आजोळचं पान कोरं होतं. निपाणीला मामांना फोन लावला.

"मामा, तुम्हाला लघवीचा काही त्रास?"

"कशाला विचारतोस रे?"

माझं वय सांगितलं, ४६. आप्पांचं सांगितलं, तात्यांचंही. पलीकडं बराच वेळ शांतता. मग मामा म्हणाले, "थांब, तुझी मामी इथं आहे. बाहेर जाऊन बोलतो."