उघडी जीप चालवताय? आधी मागचा पडदा बघा!

नमस्कार मंडळी! आपलं चॅनल तसं सोयाबीन, हरभरा, खत-फवारणीचं. पण एका व्हिडिओत माझ्या मागं ही जीप उभी दिसली, आणि तेव्हापासून लोक पिकाचं विचारायचंच विसरले. "ताई, जीप कोणती?" "ताई, उघड्या गाडीत ऊन लागत नाही का?" "ताई, जीप नवऱ्याची का?" नाही हो, नवऱ्याची नाही. वडिलांची. महिंद्राची एमएम 540, फ्रेंच प्यूजो कंपनीचं डिझेल इंजिन, आणि गिअर टाकताना अजूनही खालून कुणीतरी म्हातारं माणूस खोकल्यासारखा आवाज येतो. त्यात आता लग्नसराई. ज्याच्या त्याच्या रीलमध्ये छत गुंडाळलेली थार. म्हटलं, एकदाचं बोलूनच टाकू.

टायरची हवा, ब्रेक, ऑइल, रेडिएटरचं पाणी. बघायचं. झालं. गाडी उघडी असो नाहीतर बंद, हे तेच आहे, आणि त्यावर वीस-वीस मिनिटं बोलणारे लोक यूट्यूबवर भरपूर आहेत.

सीटबेल्टचंही एका वाक्यात उरकणार होते, पण एक कमेंट आलीय. "ओपन गाडीत बेल्ट कशाला, वेळ आली तर उडी मारता येते." वर त्याला लाइक पण पडलेत! अहो दादा, धडक बसली की माणूस उडी मारत नाही, फेकला जातो. बंद गाडीत निदान दार, काच, छत मध्ये येतं. हिच्यात काय येणार मध्ये? हवा? आणि गाडी कलंडली तर जिथं तुम्ही पडलात तिथंच ती येणार. बेल्ट नाही लावला तर मोटार वाहन कायद्याच्या 194 ब कलमाखाली 1000 रुपये दंड आहे, तो वेगळाच. वरातीत बोनेटवर बसणारे आणि मागं पाइप धरून उभे राहणारे, त्यांच्याशी मी बोलतच नाही. त्यांच्या आईशी बोलेन.

बरं, आता मुद्द्याचं. या इकडं, गाडीच्या मागं.

हा मागचा पडदा. सगळा व्हिडिओ ह्याच्यासाठी करायले मी, बाकीचं नाही ऐकलं तरी चालेल. मला सांगा, धूळ कुठून येते गाडीत? समोरून, बरोबर? सगळे हेच म्हणतात. मी पण हेच म्हणायचे.

मागच्या वर्षी चुलतभावाचं लग्न होतं माजलगावला. आम्ही धारूरच्या घाटातून निघालो. रस्त्याचं काम चालू, एका बाजूला खडी, दुसऱ्या बाजूला मुरूम. मागच्या सीटवर दोन मावश्या, एक आत्या, मध्ये भाचा. सगळ्या पैठण्या नेसून. मी हुशारी केली. पुढून धूळ नको म्हणून पुढचे दोन्ही पडदे चेन लावून घट्ट बंद केले, आणि मागच्यांना गुदमरायला नको म्हणून मागचा पडदा वर गुंडाळून पट्टा लावला. मांडवाच्या दारात गाडी थांबली, आणि मागून तीन बायका उतरल्या त्या पिठाच्या गिरणीतून उतरल्यासारख्या. पापण्या पांढऱ्या. अंबाड्यात मुरूम. माझ्या अंगावर मात्र काही नाही, मी आपली स्वच्छ! आत्या आजपर्यंत त्या साडीचं ड्रायक्लीनिंगचं बिल काढून दाखवते.

का झालं असं? गाडी पुढं पळते तेव्हा ती हवा कापत जाते, आणि तिच्या पाठीमागं एक पोकळी तयार होते. ती पोकळी भरायला मागची हवा पुढं धावते. गाडीच्याच चाकांनी उडवलेली धूळ तिथंच घुमत असते. मागचा पडदा उघडा, पुढचं सगळं बंद, म्हणजे तुम्ही त्या धुळीला दार उघडून दिलं की! आत आलेल्या हवेला पुढून धक्का द्यायला कुणी नाही. ती येते आणि बसते.

पटत नाही ना? वडिलांना पण पटलं नव्हतं. म्हणून हे बघा, इथं मागच्या पाइपला जुन्या साडीची चिंधी बांधलीय, हातभर लांब. आता गाडी चालवणार वडील, मी मागं बसून शूट करणार. शेतातला रस्ता आहे, वेग चाळीसच्या आसपास.

(गाडी चालू असतानाचं चित्रण)

बघा चिंधी. गाडी पुढं चाललीय, मग चिंधी मागं फडफडायला पाहिजे ना? ती आत यायलीय. माझ्या तोंडावर! बघितलं? आता वडिलांना सांगते, "दादा, तुमच्या बाजूचा पुढचा पडदा काढा." … आणि आता इकडचा पण. हां. आता बघा, चिंधी लटकली, डुलायली, मधूनच बाहेर जायली. पुढून आलेली हवा मागच्या हवेला ढकलायली. पूर्ण थांबली नाही, कारण उघड्या गाडीत मानेमागून थोडी हवा येतेच. परदेशी महागड्या उघड्या गाड्यांत सीटच्या मागं बारीक जाळी लावतात ती ह्याच्यासाठीच. पण फरक दिसला का नाही?

म्हणजे मागचं उघडायचं असेल तर पुढचंही उघडा. पुढचं बंद ठेवायचं असेल तर मागचंही बंद. पुढचं बंद आणि मागचं उघडं, हे कधीच नाही.

आता कुणी म्हणेल, ताई, धुळीचं काय एवढं, झटकली की गेली. ऐका. लग्नाच्या त्या प्रवासात भाच्याचं डोकं दुखायलं, दोनदा ओकला. आम्हाला वाटलं घाट लागला. घाट लागलाच असेल थोडा. पण मागं सायलेन्सरचं तोंड कुठंय बघा. हे इथं, पडद्याच्या बरोबर खाली. जी हवा धूळ आत आणते तीच धूर पण आणते. माझं डिझेल आहे, काळा धूर निदान दिसतो, वास येतो. पेट्रोल गाडी असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड जास्त, आणि त्याला ना वास ना रंग. माणसाला नुसतं डोकं जड होतं, झोप येते, मळमळतं. लेकराला झोप लागली म्हणून आपण खूष होतो.

आणि हे रीलवाले! एसी चालू, पुढच्या काचा वर, आणि "ओपन लूक" पाहिजे म्हणून मागचा पडदा गुंडाळलेला. मागं मित्र बसलेत चार. तुम्ही पुढं थंडगार, आणि मागचे तुमचाच धूर खायलेत. किती जणांना कमेंटमध्ये लिहिलं मी. एकानं उत्तर दिलं, "ताई, तुम्हाला थार माहीत नाही." हवेला थार आणि एमएम 540 मधला फरक कळत नाही, भाऊ.

चला, पडदा झाला. बाकीचं पटापट.

ऊन. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. लोकांना वाटतं वारा लागतो म्हणजे बरं आहे. अंग 37 अंशाचं, वारा 42 चा, मग तो वारा अंगाला थंड कसा करणार? घाम वाळतो, तेवढाच काय तो गारवा. घाम दिसत नाही म्हणून तहान कळत नाही, आणि उतरल्यावर एकदम चक्कर. दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट पाणी, सोबत ताक नाहीतर ओआरएस. आमची आजी खिशात कांदा ठेवायला लावते. मी ठेवते. उन्हाचं माहीत नाही, पण दुपारच्या भाकरीला होतो. खरं सांगायचं तर दहाच्या आत निघा नाहीतर पाचच्या नंतर. गाडी उन्हात लावली तर सीटवर आणि बेल्टच्या बकलवर पांढरा टॉवेल टाका. त्या बकलचा चटका एकदा मांडीला बसला की आयुष्यभर लक्षात राहतो.

कपडे. पूर्ण बाहीचा सुती शर्ट, साधा पांढरा चष्मा. काळा गॉगल दिवसा ठीक, पण दिवेलागणीला पाखरं डोळ्यात जातात आणि तेव्हा काळ्या काचेतून काही दिसत नाही. तोंडाला रुमाल बांधला तर टोकं कॉलरच्या आत. आणि बायांनो, ओढणी, पदर बेल्टच्या खालून घ्यायचा आणि खोचायचा. मोटारसायकलच्या चाकात ओढणी अडकून काय होतं ते आपल्या प्रत्येक गावानं बघितलंय. उघड्या जीपच्या मागच्या बाकावर तेच चाक हाताच्या अंतरावर आहे.

सुट्ट्या वस्तू. एकदा लग्नाच्या पत्रिका वाटायला निघाले, मांडीवर गठ्ठा. लोखंडी सावरगावच्या पुढं समोरून ट्रक गेला आणि निम्म्या पत्रिका तुरीच्या रानात. ज्यांना पत्रिका पोचली नाही ते अजून रुसलेले आहेत. आरसी बुक, मोबाइल, पाकीट, सगळं झाकणाच्या डब्यात.

समृद्धीवर नेऊ का, असं जालन्याच्या दोघांनी विचारलंय. न्या, पण तिथं कारला ताशी 120 ची परवानगी आहे म्हणून उघड्या गाडीनं ती वापरायलाच पाहिजे असं नाही. मी सत्तर-ऐंशीनं गेले होते, डावीकडची लेन धरून, तरी तासाभरात कानात घूं घूं. मागचा हॉर्न ऐकू येईना. सावलीला एक झाड नाही. दर तासाला थांबा, नाहीतर त्या रस्त्यापुरतं हूड, म्हणजे कापडाचं छत, लावून घ्या. मजाच करायची तर खुलताबादहून म्हैसमाळला जा, पाऊस पडून गेल्यावर, चाळीसनं. उघडी गाडी त्यासाठीच असते.

रात्री हंगामात उसाच्या ट्रॉल्यांपासून लांब राहा. दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, आणि ऊस बाहेर लोंबतोय. बंद गाडीत ते टिपरू काचेला घासेल, तुमच्या गाडीत ते थेट खांद्याला.

"ताई, बंद गाडीचं छत कापून ओपन करता येते का?" नाही. गॅरेजवाला म्हणेल येतं, ग्राइंडर त्याच्याकडं आहे ना. पण मोटार वाहन कायद्याच्या 52 कलमानं मूळ गाडीत असा बदल करता येत नाही, आणि केला तर मालकाला एकेका बदलाला 5000 रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. छत हे नुसतं झाकण नसतं, सगळ्या सांगाड्याला ते धरून ठेवतं. उघडीच पाहिजे तर कंपनीतून उघडी आलेली घ्या.

आता पाऊस, कारण तिकडं बालाघाटच्या डोंगरावर ढग जमायलेत आणि वडील मघापासून आभाळाकडं बघायलेत. वेगात असलं की पाऊस डोक्यावरून जातो म्हणतात. जातो थोडा. मग पुढं रेल्वे फाटक लागतं. पण भिजण्याचं काही नाही, वाळतो माणूस. वीज वेगळी. बंद लोखंडी गाडीवर वीज पडली तर ती पत्र्यावरून जमिनीत उतरते, आतला माणूस बहुतेक वाचतो. कापडाच्या हूडला हे लागू नाही! हूड लावलं म्हणजे आपण गाडीत सुरक्षित, असं समजू नका. कडकडाट ऐकला की जवळचं पक्कं घर, शाळा, पेट्रोल पंपाचं ऑफिस गाठा. झाड नाही. मोबाइलवर दामिनी ॲप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएमचं आहे, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. आणि गारा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवते ना? हरभरा, गहू सगळं झोपलं. ह्या जीपचं जुनं हूड तेव्हाच गेलं, चाळणी झाली होती त्याची. हे दुसरं आहे.

हे दुसरं टिकलं कसं, तर ओलं असताना कधी गुंडाळलं नाही. प्लास्टिकच्या खिडकीवरची धूळ कोरड्या फडक्यानं कधी पुसली नाही, आधी पाणी ओतायचं, मग हात. नाहीतर ओरखडे पडून चार महिन्यांत धुकं. डिसेंबरच्या सकाळी ते प्लास्टिक ताठ असतं, तेव्हा दुमडलं तर चर्रकन तडा जातो. ऊन लागू द्यायचं, मग दुमडायचं. आणि चेन अडकत असेल तर… थांबा, दाखवते. ही घरातली साधी मेणबत्ती. चेनच्या दातांवर वरून खाली दोनदा घासा. आता ओढा. बघा, एका बोटानं.

आलं वाटतं. थेंब पडला. दादा, मागचा आधी! मागचा, मागचा लावा आधी!

आणि हो, जीप विकायची नाहीय. रोज दोन-तीन जण किंमत विचारायलेत म्हणून सांगितलं. कमेंट वडील वाचतात, आणि मग जेवताना बोलत नाहीत.