कोंबड्याचा तुरा

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील किट्झब्यूल गावामागे उभा असलेला हानेनकाम हा डोंगर जेमतेम १,७१२ मीटर उंचीचा आहे. आल्प्सच्या मानाने ही उंची काहीच नाही. जर्मन भाषेत त्याच्या नावाचा अर्थ कोंबड्याचा तुरा असा होतो. मात्र १९३१ पासून येथे भरणाऱ्या शर्यतींमुळे डाउनहिल, म्हणजे बर्फाळ उतारावरून वेगाने खाली येणाऱ्या, स्कीपटूंच्या मनात या डोंगराचा जो धाक बसला आहे, तो भल्याभल्या शिखरांच्या वाट्याला आलेला नाही.

शर्यतीच्या मार्गाला श्ट्राइफ म्हणतात. लांबी ३,३१२ मीटर, वरच्या आणि खालच्या टोकांच्या उंचीतील फरक ८६० मीटर. जानेवारीत हा मार्ग बर्फाने टणक झालेला असतो. उन्हाळ्यात मात्र तेथे गवत उगवते, गाई चरतात, आणि कोणालाही तो पायी उतरता येतो. आमच्या मते तो आधी असाच पाहावा, कारण दूरचित्रवाणीचा कॅमेरा चढउतार सपाट करून दाखवतो.

सुरुवातीपासून थोड्याच अंतरावर ‘माउझेफाले’, म्हणजे उंदराचा सापळा, लागतो. येथे उतार ८५ टक्के आहे; म्हणजे शंभर मीटर पुढे सरकताना पंच्याऐंशी मीटर खाली जायचे. कडेवर उभे राहिले की पायांखालचे गवत दोन पावलांवर संपते आणि त्यापलीकडे थेट दरीच्या तळाची घरे दिसतात. चालणारा माणूस येथे आडवा होऊन, टाच रोवत, गवताच्या झुबक्यांना धरत उतरतो. स्कीपटू याच कडेवरून हवेत झेपावतो.

वाटेत झाइडलआल्म ही डोंगरावरील खानावळ लागते. १९६६ मध्ये येथेच झालेल्या बैठकीत स्कीइंगच्या विश्वचषकाची कल्पना आकाराला आली आणि पुढच्याच वर्षी ती स्पर्धा सुरू झाली. खाली हाउसबेर्गकांटे येथे खरी कसोटी असते: उडी, लगेच डावे वळण आणि मग तिरका, आडवा उतार, तोही पाय थकून गेल्यावर. २००९ च्या सरावात शेवटच्या उडीवर पडलेला स्वित्झर्लंडचा डानिएल आल्ब्रेख्त कित्येक दिवस बेशुद्ध होता.

ऑस्ट्रियाचा स्कीपटू फ्रिट्झ श्ट्रोब्ल याने १९९७ मध्ये हे सारे १ मिनिट ५१.५८ सेकंदांत पार केले. स्वित्झर्लंडच्या डिडिए क्युशने येथील डाउनहिल शर्यत पाच वेळा जिंकली. विजेत्यांची नावे गावातून वर जाणाऱ्या रोपवेच्या केबिनांवर लिहिलेली असतात. दार उघडून आत बसताना आपल्या वाट्याला कोणाचे नाव आले, हे प्रवासी वाकून वाचतात. त्या केबिनला वर पोहोचायला श्ट्रोब्लच्या वेळेहून कितीतरी अधिक वेळ लागतो.